दुसऱ्याच्या हातातली पात्रं

रॉबर्ट जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ रोजी गेला, तेव्हा ‘द व्हील ऑफ टाइम’ ही त्याची मालिका अपुरी होती. मालिका पूर्ण व्हावी म्हणून आजारपणात त्याने टिपणं मागे ठेवली. त्याची बायको आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल हिने ब्रँडन सँडरसनला निवडलं. त्याने २००९ ते २०१३ दरम्यान तीन पुस्तकांत शेवट गाठला. ‘मॅट आता मॅटसारखा बोलत नाही,’ अशी तक्रार अनेक चाहत्यांनी केली.

टेरी प्रॅचेटचं उलट. त्याच्या इच्छेनुसार २०१७मध्ये अपुऱ्या लेखनाची हार्ड डिस्क स्टीमरोलरखाली चिरडली गेली.

आम्ही कोड लिहिणारे, सोडून गेलेल्याचं काम बिनदिक्कत पुढे नेतो. प्रोग्राम चालला की झालं. पात्राचं तसं नाही. त्याचं बोलणं बदललं की माणूसच बदलतो.

मग सँडरसनचं चुकलं का? मला नाही वाटत. जॉर्डनला मालिका पूर्ण व्हायला हवी होती, प्रॅचेटला नको होती. आपलं प्रेम कितीही खरं असलं, तरी त्यातून हक्क तयार होत नाही. जॉर्डनने नको म्हटलं असतं, तर रँडची गोष्ट अर्ध्यावर सोडणं मला जड गेलं असतं. तरी सोडायलाच हवी होती.