पाठ्यपुस्तक कोणाचें?

फुकट मिळणें आणि मोकळें असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. धर्मशाळेंत रात्रीपुरती जागा फुकट मिळते. म्हणून तिच्या भिंतीला कोणी खिडकी पाडूं शकत नाहीं. आमच्या सार्वजनिक शाळांतील पुस्तकांची स्थिति कांहींशी अशीच आहे. १९६७ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाचीं, म्हणजे ‘बालभारती’चीं, पुस्तकें आज कोणासही महाजालावरून दाम न देतां उतरवून घेतां येतात. हें मोठें लोककार्य होय, यांत संशय नाहीं. परंतु आरंभींचें पान उलटलें कीं सर्व हक्क मंडळाचे असून संचालकांच्या लेखी परवानगीवांचून कोणताही भाग उद्धृत करूं नये, ही सूचना पुढें उभी राहते.

मेळघाटांतील एखादा शिक्षक घ्या. त्याच्या वर्गांतील मुलें घरीं कोरकू बोलतात. भूगोलाचा धडा त्यांस उमजावा म्हणून त्यानें त्यांत कोरकू शब्द घातले, दूरच्या नदीच्या जागीं सिपना नदी आणली. अध्यापनाच्या ओघांत शिक्षकानें वा विद्यार्थ्यानें काढलेल्या नकलांना १९५७ च्या कायद्यानें सूट दिलेली आहे, आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१६ सालीं ती सूट उदारपणें वाचली. परंतु सुधारलेला धडा छापून शेजारच्या वीस शाळांना द्यावयाचा म्हटलें कीं अर्ज आला. आणि अर्ज आला म्हणजे वाट पाहणें आलें. सार्वजनिक कार्यासाठीं लिहविलेल्या पुस्तकाला सार्वजनिक शाळेच्या शिक्षकानेंच हात लावूं नये, यांत कोणता न्याय आहे? दक्षिण आफ्रिकेंत ‘सियाव्हुला’ या उपक्रमाचीं गणिताचीं व विज्ञानाचीं मुक्त पुस्तकें २०१२ सालीं सरकारनेंच छापून शाळांत वाटलीं.

यावर विचारी माणूस म्हणेल कीं दहा हात लागले कीं ग्रंथ बिघडतो. शंका रास्त आहे, आणि आमच्याकडे ती जुनीही आहे. हातोहात उतरतां उतरतां ज्ञानेश्वरींत अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांस शके १५०६ मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. तींत कोणीं भर घालूं नये असेंही त्यांनीं बजावलें. पण हक्क एका हातीं राखल्यानें ग्रंथ शुद्ध राहतो काय? दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें राज्यशास्त्राच्या पुस्तकांतून मजकूर गाळला, तेव्हां त्यांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनीं जून २०२३ मध्यें, आमचीं नांवें काढा, अशी मागणी केली. परिषदेनें ती मानली नाहीं. हीं पुस्तकें सामूहिक श्रमाचीं असून त्यांचा हक्क आपला आहे, असें तिचें उत्तर होतें. कायद्यानें तें बरोबर असेल. तथापि जें आपलें राहिलें नाहीं त्याखालीं माणसाचें नांव ठेवणें ही एक प्रकारची खोटी साक्षच होय.

विलक्षण गोष्ट ही कीं, ज्याला लोक बेबंद समजतात त्या मुक्त परवान्यांत याची तजवीज आहे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या श्रेयोल्लेखी परवान्याखालीं कोणीही पुस्तक बदलूं शकतो, परंतु बदल केल्याचें त्यानें सांगितलें पाहिजे, आणि मूळ लेखकानें मागणी केल्यास त्याचें नांव शक्य तितकें काढून टाकलें पाहिजे. लेखकाचा शब्द बदलण्याची मोकळीक सर्वांना आहे, त्याच्या तोंडीं तो घालण्याची कोणालाच नाहीं. मंडळानें आपली प्रमाण प्रत खुशाल राखावी. मेळघाटची प्रत मेळघाटच्या नांवानें निघावी.

गणिताच्या व भूगोलाच्या पुस्तकांविषयीं आम्ही निःशंक आहों. इतिहासाविषयीं तितके नाहीं. तेथें मोकळीक मिळतांच कोणी त्यांत विष कालवणार नाहीं, याची हमी आम्हांस देतां येत नाहीं. तें आजही कालवतां येतेंच. फक्त कालवणाऱ्याचें नांव पुस्तकावर छापलेलें नसतें.