सोसणं हा गुण कुणी ठरवला?

बाळंतपणात बाईनं कळा सोसल्याच पाहिजेत, हे कुणी ठरवलं? निसर्गानं म्हणाल, तर निसर्गानं देवीचा रोगही दिला होता, पटकीही दिली होती. ती आपण सोसत बसलो नाही. लस टोचली, सलाईन लावलं. दात काढायला गेलेल्या माणसाला डॉक्टर आधी सुई देतो, मग चिमटा लावतो. दुखणं पवित्र आहे, ते सोस, असं त्याला कुणी सांगत नाही. मग हेच एक दुखणं असं का, की औषध हाताशी असताना त्याच्यापुढं लोक हात जोडतात?

तू पुरुष, त्यात सूतगिरणीतला, तुला काय कळतं ह्यातलं, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं. कळा कशा असतात ते मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण कुणाचं दुखणं मोजायचं आणि कुणाचं मोजायचंच नाही, हा प्रश्न मला कळतो. तो आपल्या सगळ्यांच्या पाठीवर लिहिलेला आहे.

इंग्रजीत मजुराला आणि बाळंतवेणांना शब्द एकच आहे : लेबर. गिरणीत आम्हाला लेबर म्हणतात आणि दवाखान्यात त्या खोलीला लेबर रूम म्हणतात. दोन्हीकडं नियमही एकच : माल बाहेर आला पाहिजे, आवाज आला नाही पाहिजे.

आधी जरा इतिहास बघू. १८४७ साली एडिंबरोत जेम्स यंग सिम्प्सन नावाच्या डॉक्टरनं बाळंतिणीला पहिल्यांदा ईथर आणि त्याच वर्षी पुढं क्लोरोफॉर्म दिलं. लगेच धर्माच्या नावानं हरकती निघाल्या. बायबलात देवानं हव्वेला शाप दिलाय की तू दुःखानं लेकरं जन्माला घालशील. मग देवाचा शाप पुसणारा हा डॉक्टर कोण? सिम्प्सननंही पोथीला पोथीनंच उत्तर दिलं. आदमाची फासळी काढण्याआधी देवानं त्याला गाढ झोपवलं होतं, हेही तिथंच लिहिलंय! म्हणजे पुरुषाच्या अंगातनं हाड काढायचं तर देवसुद्धा भूल देतो. बाईच्या अंगातनं अख्खं माणूस काढायचं तर शाप. पोथी इथली असो की तिथली, वाटणी सारखीच.

केवळ भटजी-पाद्री आडवे आले असं नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे मेग्ज नावाचे नामांकित डॉक्टर सुद्धा म्हणत होते की हे दुखणं नैसर्गिक आहे, हितकारक आहे. मग १८५३ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया राणी बाळंत झाली. जॉन स्नो ह्या डॉक्टरनं तिला क्लोरोफॉर्म दिलं. १८५७ साली पुन्हा दिलं. त्यानंतर विरोधाचा जोर ओसरत गेला. राणीचं दुखलं तेव्हा तो शाप उरला नाही. हे आपण नीट लक्षात ठेवलं पाहिजे. दुखण्याचं तत्त्वज्ञान दुखतंय कुणाला ह्याच्यावर बदलतं.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट. अमेरिकेत अलाबामा राज्यात मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर होता. बाळंतपण दिवसेंदिवस अडलं की बाळाच्या डोक्याच्या दाबानं लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामधली जागा सडते, भोक पडतं, बाईची लघवी जन्मभर गळत राहते. सिम्सनं ह्याच्यावर शस्त्रक्रिया शोधली. कुणावर शोधली? काळ्या गुलाम बायांवर. १८४५ ते १८४९. त्यातल्या तिघींची नावं इतिहासाला माहीत आहेत : अनार्चा, बेट्सी, ल्यूसी. एकट्या अनार्चावर सुमारे तीस वेळा. भूल न देता. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे सिद्ध झाली होती, तरी नाही. ह्या शस्त्रक्रियेचं दुखणं भुलीची खटपट करण्याइतकं नसतं, असंही त्यानं पुढं सांगितलं. त्याला शास्त्राचा जनक म्हटलं गेलं, न्यूयॉर्कला पुतळा उभा राहिला. सेंट्रल पार्कमधला तो पुतळा २०१८ साली काढला.

१९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, ते उगाच नाही. अनार्चा आपली कोण लागते, हे आपल्याला सांगावं लागत नाही. आणि ही शिळी गोष्टही नव्हे. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि शिकाऊ डॉक्टरांची पाहणी झाली. काळ्यांची कातडी जाड असते, असल्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी निम्म्या जणांना खरी वाटत होती. आणि ज्यांना ती खरी वाटत होती, ते काळ्या माणसाचं दुखणं कमी मोजत होते.

आपल्याकडं कातडीच्या जागी आडनाव आहे. 'तुमच्या बायका काटक. शेतात बाळंत होतात, विळ्यानं नाळ कापतात, लेकरू पाटीत घालून घरी येतात.' हे कौतुक किती गोड वाटतं! पण ह्या कौतुकाच्या पोटात काय आहे ते बघा. ती काटक आहे, म्हणून तिला खाट नको, दूध नको, सुट्टी नको, औषध नको. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९३३ साली नैसर्गिक बाळंतपणाचं पुस्तक काढलं. रानटी म्हणवल्या जाणाऱ्या समाजातल्या बायकांना फारसं दुखतच नाही, अशा समजुतीवर त्याची बरीच मांडणी उभी होती. भीती कमी झाली तर दुखणं कमी होतं, हे त्याचं म्हणणं कामाचं आहे. पण 'त्यांना दुखत नाही' हे वाक्य जगात जिथं जिथं म्हटलं गेलं, तिथं ते म्हणणारा माणूस वरच्या पायरीवर उभा होता.

मी रिंग फ्रेमवर काम करतो. साच्यांच्या आवाजाची तुम्हाला सवय होते, असं आम्हाला सांगतात. सवय बिवय काही होत नाही. कान जातात. बहिऱ्या झालेल्या माणसाला आवाजाचा त्रास होत नाही, ही त्याची काटकता नव्हे. आमच्या बायका ओरडत नाहीत त्याचंही तसंच आहे. ओरडून कुणी येत नाही हे त्यांना ठाऊक असतं.

आणि ह्या देशात तर एक अजबच. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत सुईण म्हणजे मांगवाड्यातली बाई. अडलेल्या वेळी तिचा हात चालायचा. पाटलाच्या सुनेच्या पोटावरून, मांडीवरून फिरलेला, लेकराला पहिल्यांदा जगात झेलणारा हात तिचा. नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची, घाण तिनं काढायची. मग घर सारवून शुद्ध करायचं आणि ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. पाचवीला सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. तिला उंबरा आडवा येत नाही. दुसऱ्यांच्या कळा हलक्या करण्यात जिचं आयुष्य गेलं, तिच्या स्वतःच्या कळांना ह्या देशानं काटकपणा असं नाव दिलं.

आता थोडं आपल्याच माणसांशी बोलतो. आपल्या कवितेत वेणा किती आहेत, कधी मोजल्यात? नव्या युगाच्या वेणा, क्रांतीच्या कळा, काळाची प्रसूती. मार्क्सनंही बळाला जुन्या समाजाची सुईण म्हटलं. प्रतिमा जोरदार आहे, मी नाही म्हणत नाही. पण क्रांतीच्या वेणांवर टाळ्या घेणाऱ्या किती जणांनी घरातल्या बाईला विचारलं, तुला काय पाहिजे होतं गं त्या रात्री? आईनं सोसलं म्हणून आई थोर, असं आपण लिहितो तेव्हा प्रस्थापितांचंच जुनं गाणं नव्या चालीत म्हणत असतो. माझी आई म्हणते, 'चौघांना जन्म दिला, शेजारणीला हूं की चूं ऐकू दिलं नाही.' तिचा तो अभिमान मी हिसकावून घेणार नाही. तिच्याकडं दुसरी मिळकत नाही. पण सोसलं हा तिचा पराक्रम, आणि सोसायला लावलं हा दुसऱ्याचा गुन्हा. ह्या दोन गोष्टींची आपण सरमिसळ करायची नाही.

आज काय काय उपलब्ध आहे, ते सगळ्यांना ठाऊक पाहिजे. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर एक बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून बधिर करणारं औषध थोडं थोडं सोडतात. ह्याला एपिड्युरल म्हणतात. पिशवी आपलं काम करत राहते, बाई शुद्धीवर असते, दुखण्याचा निरोप मात्र मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. सगळ्यात जास्त आराम ह्यानंच पडतो. ह्यानं सिझर वाढतं ही समजूत खरी नाही. पण रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, शेवटचा जोर लावायचा वेळ लांबू शकतो, एखादीला नंतर डोकेदुखी होते. म्हणून भूल देणारा डॉक्टर आणि सतत लक्ष ठेवणारं माणूस लागतं. दुसरा उपाय वायूचा : नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मं निम्मं. मुखवटा बाईनं स्वतःच्या हातात धरायचा, कळ आली की श्वास घ्यायचा. तिसरा, पेथिडिनसारखं इंजेक्शन. त्यानं दुखणं थोडं कमी होतं, गुंगी येते, आणि जन्माआधीच्या काही तासांत दिलं तर बाळाचा श्वास मंद होऊ शकतो. आणि चौथा उपाय म्हणजे माणूस. हात धरणारं, पाठ चोळणारं, घोटभर पाणी देणारं, चालू देणारं ओळखीचं माणूस. सोबत असली की औषध कमी लागतं, सिझरही कमी होतात, हे तपासून सिद्ध झालंय. ह्याला पैसाही लागत नाही.

२०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की बाईच्या पसंतीची सोबत तिला मिळाली पाहिजे, आणि धडधाकट बाईनं मागितलं तर एपिड्युरल हा तिच्यासाठी एक योग्य उपाय आहे. आपल्या केंद्र सरकारनंही २०१६ साली सरकारी दवाखान्यात सोबतीणीला परवानगी दिली, २०१७ साली 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम काढून बाळंतिणीला सन्मानानं वागवा असं म्हटलं. कागद चांगला आहे.

माझी अक्का एका सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. आई दाराबाहेर, मी दाराबाहेर. आत सोबतीला कुणी नाही. चौदा तास. दुखणं कमी करायला काही द्या म्हणाली, तर कागदावरचं आडनाव वाचून उत्तर मिळालं, 'तुम्हा लोकांना कधीपासून एवढं दुखायला लागलं?' ओरडली, तर मांडीवर चापट आणि वर, 'तेव्हा नाही ओरडलीस.' हे वाक्य फक्त माझ्या बहिणीनं ऐकलेलं नाही. वस्तीत कुठल्याही बाईला विचारा, पुढचे शब्द ती पुरे करेल. त्या रात्री तिथं एक सिस्टर होती आणि टेबलं पाच होती. तिचेही पाय सुजले असतील, हे मी पाळी करणारा माणूस जाणतो. पण थकवा चापट मारायला लावेल, आडनाव वाचायला लावणार नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातली शंभरातली जवळजवळ ८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. खाजगी दवाखान्यात शंभरातली ४७ सिझरनं, सरकारीत १४. म्हणजे दार उघडलं, बाई आत गेली. पण पैसेवालीच्या पोटावर गरज नसतानाही सुरी चालू शकते, आणि आपल्या बाईला साधं दुखणं कमी करायला भूल देणारा डॉक्टर सापडत नाही. एकीचं दुखणं धंद्याचं, दुसरीचं बिनकिमतीचं. दोघींनाही विचारलेलं नसतं, हे मात्र सारखं.

बाबासाहेबांनी हा प्रश्न बायकांवर सोडून दिला नव्हता. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांच्या प्रसूती भत्त्याच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. आईला विश्रांती देणं हे देशाचं हित आहे, त्याचा भार सरकारनंही उचलावा, ही त्यांची भूमिका. १९२९ साली तो कायदा झाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी विधानसभेत कुटुंबमर्यादेचा ठराव मांडला. त्या भाषणातला मुद्दा असा, की ह्या वेणा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एका लेकराच्या पुढं कुणी गेला नसता. पुढं घटनेच्या ४२ व्या कलमात कामाची माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य एकाच ओळीत आलं. इंग्रजीत तिथं शब्द आहे रिलीफ. आपण त्याचा अर्थ रजा आणि पैसे एवढाच लावला. रिलीफ म्हणजे दुखण्यातनं सुटका, हा अर्थ लावायला कुणी बंदी केलीय?

कुणी म्हणेल, बुद्धानंच सांगितलंय जन्म हे दुःख आहे, मग तक्रार कसली? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी नेमकी हीच शंका उभी केली : जन्म दुःख, जगणं दुःख, मरण दुःख म्हटलं तर माणसाला आशा उरते कुठं? आणि अंगुलिमालाची गोष्ट आठवा. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालानं अडलेली बाई पाहिली, कळवळून परत आला. बुद्धानं त्याला तिच्या पूर्वजन्माचं पाप सांगितलं नाही, सोसण्यावर प्रवचनही दिलं नाही. परत जा, तिच्याजवळ सत्य बोल, तिचं आणि बाळाचं भलं होवो म्हण, असं सांगून त्याला तिच्याकडं धाडलं. मंत्रानं कळा थांबतात ह्याच्यावर माझा विश्वास नाही. पण दुखणाऱ्याकडं परत जायचं, हा धम्म मला पटतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बाई म्हणाली मला औषध नको, तर नको. ती म्हणाली पाहिजे, तर पाहिजे. मध्ये सासू नको, पोथी नको, नवरा नको, आणि आम्ही कवीही नको. तालुक्याच्या दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर मागणं, लेबर रूममध्ये सोबतीण आत घेऊन जाण्याचा हट्ट धरणं, आडनाव वाचून बोलणाऱ्याला तिथल्या तिथं जाब विचारणं, ही चळवळीची कामं आहेत. पगारवाढीच्या यादीत आणि जयंतीच्या ठरावात ती लिहा. जन्माच्या दारातच ज्याच्या आईला सांगितलं जातं की तुझं दुखणं मोजत नाहीत, त्या लेकराला समतेचा पहिला धडा आपण कुठल्या तोंडानं शिकवणार?