अंगावर काढलेले

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या नांदेडच्या घरी धन्वंतरीची पूजा होते. वैद्यकी आमच्या घराण्यात कधीच नव्हती. आजोबांच्या शेजारी एक वैद्य राहत. त्यांच्याकडून ही चाल आमच्याकडे आली, आणि वैद्यांचे बिऱ्हाड उठून गेले तरी ती राहिली. धणे-गुळाचा प्रसाद होतो आणि घरातले वडीलधारे माणूस हात जोडून साऱ्यांसाठी आरोग्य मागते. गंमत अशी, की देवापाशी आरोग्य इतक्या मोकळेपणाने मागणाऱ्या त्याच घरात, आपले काय दुखते हे माणसे एकमेकांना सांगत नाहीत.

लहानसहान दुखण्यांची गोष्ट वेगळी. ती आपण हौसेने सांगतो. पडसे झाले की साऱ्या गल्लीला कळते. मग कोणी गवती चहा सुचवतो, कोणी सुंठ उगाळून कपाळाला लावायला सांगतो, कोणी ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून हुंगायला देतो. काविळीवर अमुक गावी अमुक वारी औषध मिळते, हे सांगणारे तर दहाजण भेटतात. तालुक्याच्या डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या तर खेड्यातला माणूस हिरमुसतो. सुई टोचल्यावाचून, आणि जमल्यास सलाईनची एक बाटली चढल्यावाचून, आपण आजारी होतो हे त्याला स्वतःलाच पटत नाही. आणि समाचाराला येणारी मंडळी! शहाळे किंवा बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवून, नेमक्या ह्याच आजाराने गेलेल्या आपल्या चुलत्याची हकिगत ती रोग्याला इत्थंभूत ऐकवतात. मी चेष्टा करतो आहे खरा. पण या साऱ्या गडबडीत माया असते, आणि पडशाला तेवढी पुरते.

दुखणे जरा भारी आहे असा नुसता संशय आला, की तेच घर मुके होते. त्या मुकेपणाला आपल्या भाषेत शब्दच आहे: अंगावर काढणे. पाऊस अंगावर घ्यावा, वाईट दिवस काढावेत, तसे दुखणे अंगावर काढायचे. हे शब्द उच्चारताना आपल्या स्वरात नकळत कौतुक येते. ‘कधी कण्हली नाही’, ‘आदल्या दिवशीसुद्धा भाकरी थापल्या’ — बाईच्या तेराव्याला जमलेली माणसे याहून मोठी स्तुती करत नाहीत. मीही ती अनेकदा केली आहे. तिच्यात खरे किती, असा प्रश्न मला पडला तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

अक्का अहमदपूरजवळच्या एका खेड्यात दिलेली. नऊ एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन आणि तूर. २००८ च्या उन्हाळ्यात छातीत सुपारीएवढी गाठ तिच्या हाताला लागली. आम्हाला ते कळले पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला, आणि तेही तिच्या तोंडून नव्हे. ती नांदेडला आली होती. माझी पत्नी तिच्या पोलक्याचे माप घेऊ लागली, तेव्हा अक्काने तिचा हात झटकन बाजूला केला. मधल्या वर्षात काय झाले? आधी धाकट्या मुलीचे लग्न होते. मग सोयाबीनची काढणी आली. मग दिवाळी, लेकी माहेरी आलेल्या असताना असली गोष्ट काढून सणाचा विचका कोण करील? मग तुरीची रास व्हायची होती.

“अगं, पण सांगितलं का नाहीस?” मी जवळजवळ ओरडलो.

“काय सांगायचं, बापू? दुखत तर नव्हतं. आन् सांगितलं असतं तर पोरीचं लगीन थांबलं असतं.”

राग ओसरल्यावर मी तिचा हिशेब मांडून पाहिला, आणि तो चुकलेला नव्हता. मोठ्या आजारांचा खर्च उचलणारी सरकारी योजना महाराष्ट्रात सुरू झाली ती २०१२ मध्ये. तोवर मोठा दवाखाना म्हणजे सावकार, नाहीतर जमिनीचा तुकडा. जमीन, रास, लेकीचे लग्न आणि स्वतःचे शरीर हे सारे तिने मनातल्या तराजूत घातले आणि त्यात सर्वांत स्वस्त काय ते ठरवले. ज्या घरात बाईला आपला देह सर्वांत स्वस्त वाटतो, त्या घराने तिच्या सोशिकपणाचे गोडवे गावेत यात मला लबाडी दिसते. तिच्या न बोलण्याने ज्यांचे निभावले, तेच कौतुक करणारे. त्यांत मी आलोच. त्या लग्नात मामा म्हणून मी फेटा बांधून मिरवलो होतो.

पण तिला नुसती बिचारी ठरवणेही मला पटत नाही. तिने विचार करून निर्णय घेतला होता, आणि त्यात मायेइतकाच थोडा ताठाही होता. माझा आक्षेप निराळा आहे. कळ सोसायची ती एकट्यानेच, ती कोणाला वाटून देता येत नाही, हे खरे. पण आजार म्हणजे नुसती कळ नव्हे. उद्या अंथरुणाशी कोण बसणार, तिच्यामागे ती चूल कोण पेटवणार, ‘वेळेवर कळले असते तर’ हा सल जन्मभर कोण वागवणार? हे सारे ज्यांच्या वाट्याला यायचे, त्यांच्यासाठी तिने निर्णय घेतला. त्यांना मात्र विचारले नाही.

असे मी मनाशी ठरवतो न ठरवतो तोच आमची पाळी आली. लातूरला गाठीचा तुकडा तपासला. डॉक्टरांनी भाच्याला आणि मला बाजूला बोलावून निकाल सांगितला, आणि त्या क्षणापासून आम्ही दोघे तिच्याशी तेच वागू लागलो जे ती आमच्याशी वागली होती. “साधी गाठ आहे, थोडा शेक द्यावा लागेल,” असे सांगून पुढे महिन्याभराने आम्ही तिला बार्शीला नेले. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आमच्या भागात सर्वांना माहीत आहे. आसपासच्या खेड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही तेथे १९८७ पासून ठेवतात, आणि खेड्यांसाठीची अशी ती देशातली पहिली. आमच्याकडे ‘बार्शीला नेलंय’ एवढे म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. हे ठाऊक असूनही अक्काला काही कळणार नाही असे आम्ही का धरून चाललो होतो, देव जाणे.

रिक्षा फाटकाशी थांबली. भाचा उंचापुरा, तो उतरला आणि दारावरच्या पाटीपुढे हात कमरेवर ठेवून उभा राहिला. मी घाईघाईने अक्काला दुसऱ्या बाजूचे कडुलिंबाचे झाड दाखवू लागलो. अक्काने झाडाकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, आणि म्हणाली,

“लेकरा, आडवा कशाला उभारलास? चौथी शिकलेय मी. आन् बार्शीला कशाला आणत्यात ते काय मला ठावं नाही?” मग माझ्याकडे वळून, “मी वर्षभर झाकलं, तुमी महिनाभर झाकलं. फिट्टंफाट.”

ती हसली. आम्हाला हसता आले नाही.

ही खोड आपल्याच लोकांची आहे असे मात्र समजू नये. १९६१ साली शिकागोतल्या डॉक्टरांना कोणी विचारले, तेव्हा शंभरांतले नव्वदजण म्हणाले की कर्करोग झाला हे रोग्याला न सांगणेच आम्ही पसंत करतो. १९७९ मध्ये अमेरिकेत तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर शंभरांतले सत्त्याण्णव सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत डॉक्टरांची नीती बदलली की हाती उपाय आले म्हणून धीर आला? मला दुसरे अधिक संभवते. लपवणारा पुष्कळदा रोग्याला नव्हे, स्वतःच्या हतबलतेला जपत असतो.

आणि अक्काचा हिशेबही मला मान्य नाही. तिने लपवले ते तिचे होते. आम्ही लपवले तेही तिचेच. त्या महिन्यात ती दोनदा म्हणाली होती, “माहूरला जाऊन येऊ, रेणुकेला.” दोन्ही वेळा मी म्हणालो, “बरी झालीस की जाऊ.” आपल्याला काय झाले आहे हे तिला तेव्हाच कळलेले होते, आणि तरी ती गप्प बसली, म्हणजे त्या महिन्यातही जपणारी तीच होती. फिट्टंफाट कशी व्हावी?

याच २००९ साली बार्शीच्या रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयाबरोबर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष जगापुढे आले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. रोग वेगळा, गर्भाशयाच्या मुखाचा. ज्या गटात त्याच्या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तिथे आठ वर्षांत ३४ जणी या रोगाने गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या ६४ जणींना तसेच सोडणे न्याय्य होते का, यावर पुढे पंडितांत वाद झाला, आणि तो मला पोकळ वाटत नाही. पण माझ्या मनात राहिले ते निराळेच. या बायका आपण होऊन कधी बोलल्या नसत्या. कोणीतरी गावात येऊन त्यांना विचारले. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत त्याच उस्मानाबादेचा भाग होता. अक्काचे गाव हद्दीच्या अलीकडे राहिले. तिला विचारणारे आम्हीच होतो, आणि आम्ही दर भेटीला विचारत आलो, “बरी आहेस ना?” त्यातला शेवटचा ‘ना’ उत्तर बरोबर घेऊनच येतो. “नाही” म्हणायला तिथे जागाच नसते.

अक्का २०१३ पर्यंत होती. २००९ च्या दसऱ्याआधी आम्ही माहूरला जाऊन आलो. पुढे तिला एक नवीनच खोड लागली: एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ती आजाराचे नाव घेऊन सगळे सांगायची आणि ‘तू पण हात लावून बघत जा’ म्हणायची. सुनेला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

आता माझे. श्रावणापासून जिना चढताना छातीत डाव्या बाजूला दाटल्यासारखे होते. दोनच मजले आहेत. मधल्या वळणावर किल्ली शोधण्याचे निमित्त करून मी थांबतो. घरी बोललो नाही. आधी महालक्ष्म्या होत्या, मग दसरा, आणि आता मुले दिवाळीला यायची आहेत. पाडवा होऊ द्यावा असे मी ठरवले होते. ही यादी मी कुठे ऐकली आहे, ते कागदावर उतरवतानाच ध्यानात आले. माझे लिखाण संपादकांकडे जाण्याआधी पत्नीला वाचून दाखवायचे, हा आमचा तीस वर्षांचा नेम आहे. ती आता स्वयंपाकघरात आहे. जेवणे झाली की वाचायला बसू.