शौक, सुई आणि सूर

शौकाला मोल नसते, असे म्हणतात. असे म्हणणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते, हे मात्र कोणी सांगत नाही. जुन्या तबकड्या ऐकण्यासाठी लाखांचे टर्नटेबल, वेगळा ॲम्प्लिफायर, वेगळे स्पीकर घेणारी माणसे आज शहरांत आहेत. एकट्या सुईवर हजारो रुपये घालणारीही आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या आसगावसारख्या धान पिकवणाऱ्या गावात हा आकडा सांगितला, तर ऐकणारा मनातल्या मनात हिशेब करील, म्हणजे धानाची किती पोती? हा हिशेब अडाण्याचा नाही. खर्च रास्त की गैर, याचा विचार तिथूनच सुरू व्हावा, असे आम्हाला वाटते.

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमुळे. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात राग उभा करायचा. १९२५ पर्यंत तर मायक्रोफोनही नव्हता. गायकाने भोंग्यासमोर तोंड नेऊन गायचे. त्या पद्धतीत आवाजातले बारीक, उंच कंप मेणावर उतरतच नसत. जे उतरलेच नाही, ते दहा लाखांचे यंत्र तरी कसे ऐकवणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण म्हणून स्वस्त तेच पुरे, असेही नाही. जड हाताचे, झिजलेल्या सुईचे यंत्र तबकडीची रेघ खरवडते. प्रत्येक वेळी ऐकताना आपण थोडे थोडे पुसत असतो. ७८ ची रेघ रुंद, १९४८ साली आलेल्या लाँग प्ले तबकडीची बारीक. एकीची सुई दुसरीला चालत नाही. फिरण्याचा वेग डळमळला की स्वर डळमळतो, आणि किराणा घराण्यात तर स्वर हेच सर्वस्व. तेव्हा स्थिर वेग, योग्य सुई, बेताचा भार, यांवरचा खर्च आम्ही चैन मानत नाही. जुनी तबकडी ही अमानत आहे. ती एकदा झिजली की पुन्हा गाणारा गळा आता नाही.

इथपर्यंत खर्च गाण्यासाठी होतो. यापुढे पैसा दुप्पट लागतो आणि फरक निम्म्याने घटतो. मग माणूस गाणे ऐकत नाही, यंत्र ऐकतो. पाहुण्याला तान दाखवण्याऐवजी तार दाखवतो. संगीत रास्त की नाही, हा वाद आपल्यात जुना आहे; तो आम्ही येथे उकरत नाही. पण उधळपट्टी आणि कंजुषी यांच्या मधली वाट कुराणाने दाखवली आहे, याबद्दल दुमत नाही. इस्राफ रकमेच्या आकड्यावरून ठरत नाही. गरज कुठे संपली आणि मिरवणे कुठे सुरू झाले, यावरून तो ठरतो. म्हणून वर्षभर पै-पै साठवून चांगला संच घेणारा कामगार आमच्या लेखी उधळा नाही. दर वर्षी संच बदलणारा आणि तबकड्यांवर धूळ साचू देणारा धनिक मात्र उधळा आहे.

कोणी म्हणेल, पैसा माझा, हलालचा. तुम्हाला काय त्याचे? खरे आहे. पण कमाई हलाल असली म्हणून प्रत्येक खर्च आपोआप योग्य ठरत नाही. मिरजेत आपल्याच समाजातले कारागीर भोपळ्यापासून तंबोरे, सतारी घडवतात. एकेकाळी हत्यारे घडवणारे हे हात पिढ्यान्‌पिढ्या वाद्ये घडवू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मान मिळाला, पण घर मानाने चालत नाही, गिऱ्हाइकाने चालते. चांगल्या यंत्राहून अधिक चांगल्या यंत्रासाठी जो लाख रुपये मोजतो, त्याच पैशात एखाद्या मुलाच्या हाती तंबोरा येतो आणि काही काळाची तालीमही होते.

तबकडी गेलेला आवाज सांभाळते. नवा आवाज घडवणे तिला जमत नाही. ज्याला गाणे खरोखर प्रिय आहे, त्याने दोन्हींचा वाटा काढून ठेवावा.