वस्तूंची साक्ष आणि छायाचित्रातील कथा

स्थिरचित्रातील वस्तू कथा सुचवतात, असे आपण सहज म्हणतो. परंतु वस्तू स्वतः काही सुचवते, की मांडणी करणारा तिच्याकडून ते वदवून घेतो, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. चित्रकाराच्या बाबतीत तो फारसा बोचत नाही, कारण चित्र ही निर्मिती आहे हे प्रेक्षक गृहीतच धरतो. छायाचित्राला मात्र साक्षीचे मूल्य चिकटलेले असते. 'हे होते' असे प्रत्येक छायाचित्र सांगते, ही रोलाँ बार्थची १९८० मधील मांडणी सर्वपरिचित आहे.

शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचे स्थिरचित्र कल्पून पाहू. सारवलेली ओटी, पालथा हंडा आणि शेजारी जुन्या लुगड्याची चुंबळ. चौकटीत माणूस नाही. तरीही चुंबळ डोक्याची आठवण देते आणि पालथा हंडा कोरड्या विहिरीची. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणारे घटक सांगताना भर्तृहरीने संयोग, विप्रयोग, साहचर्य, प्रकरण इत्यादींचा निर्देश केला आणि मम्मटाने व्यंजनाविचारात त्यांचा उपयोग केला. हे घटक वस्तूंनाही लागू पडतात. हंडा आणि चुंबळ यांचे साहचर्य कष्ट सुचवते, तर हंडा आणि पाणी यांचा विप्रयोग टंचाई. परंतु 'प्रकरण', म्हणजे प्रसंगाचा संदर्भ, चौकटीबाहेरच राहतो. तो हंडा नुकताच घासून निथळत ठेवलेला असेल, तर तीच मांडणी अभावाची न राहता घरच्या टापटिपीची खूण ठरेल.

प्रकरण हरवले की काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण व्हॅन गॉगच्या जोड्यांचे आहे. हायडेगरने त्यांत शेतकरी स्त्रीचे अवघे जग पाहिले. मायर शापिरोने १९६८ मध्ये ते जोडे खुद्द चित्रकाराचेच असल्याचे प्रतिपादन केले. हायडेगरच्या वाचनाचे तात्त्विक मोल यामुळे संपत नाही. मात्र त्या शेतकरी स्त्रीला स्वतः बोलण्याची संधी त्यात कोठेच नव्हती, हे ध्यानात येते.

यावर कोणी म्हणेल की वस्तू जागच्या जागी टिपाव्यात, म्हणजे प्रश्नच मिटला. तो तसा मिटत नाही. आर्थर रॉथस्टीनने १९३६ मध्ये अमेरिकेतील दक्षिण डाकोटा राज्यात गुराची एक कवटी काही फूट हलवून निरनिराळ्या जागी टिपली, तेव्हा वृत्तपत्रांनी बनावटीचा आरोप केला. दुष्काळ मात्र खरा होता. उलट, वस्तूला हातही न लावता केवळ चौकट आवळून खोटे विधान करता येते. म्हणून वस्तू हलवली की नाही, यापेक्षा तिच्यावर कोणते विधान लादले आणि ते नाकारण्याचा अधिकार कोणाला उरला, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

हे लादणे करुणेचेच असते असे नाही. मुरबाड तालुक्यातील म्हसा यात्रेच्या बाजारात घोंगडी ही घासाघीस करून विकत घ्यायची वस्तू असते. वीण, ऊब, किंमत यांचा तेथे हिशोब होतो. तीच घोंगडी कंदिलाशेजारी घडी घालून टिपली की ती 'लोपत चाललेल्या जगा'ची खूण बनते. एका चित्रात माणसाचे दैन्य होते, दुसऱ्यात त्याचा भूतकाळ होतो. त्याचा चालू व्यवहार दोन्हींतून गळतो.

मग कथा सुचवूच नये काय? तसे म्हणणे म्हणजे ध्वनीलाच नकार देणे होय. सूचकतेला एक अट मात्र घालता येईल: ज्याची वस्तू आहे त्याला ती कथा ओळखता आली पाहिजे, आणि पाहणाऱ्याला त्या कथेबाहेर सुरक्षित उभे राहता येऊ नये. शहापूरच्या हंड्याबाबत ही दुसरी अट विशेष अर्थपूर्ण आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा आणि पुढच्या काळातील भातसा ही या तालुक्यातील धरणे मुंबईची तहान भागवतात. मुंबईच्या पुरवठ्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांनी मात्र वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. हे प्रकरण ज्ञात झाले, की मुंबईच्या कलादालनात त्या हंड्यापुढे उभा असलेला रसिक निव्वळ सहृदय प्रेक्षक राहत नाही. हंड्यातले पाणी कोठे गेले, या प्रश्नाच्या उत्तरात त्याच्या घरचा नळही येतो. छायाचित्राने सुचवायची कथा ही आहे. केवळ हळहळीवर थांबणारी मांडणी ती अर्धीच सांगते.