दसऱ्यानंतरची वाट

पाऊस ओसरला, दसरा झाला की नवी मुंबईकरांची पावलं डोंगराकडे वळतात. कुठे जायचं, हे सोबत कोण आहे ते पाहून ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य. तिथल्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरूनही डोळे भरून पाहता येतो. पाय सरावलेले असतील तर ठाकूरवाडीहून प्रबळमाची गाठा. रात्री तंबूत मुक्काम, माचीवरच्या घरातलं गरम पिठलं-भाकरी आणि सकाळी कलावंतीण सुळका. तिथल्या कातळात कोरलेल्या उंच पायऱ्यांना कठडा नाही. ऑक्टोबरात शेवाळ उरलेलं असू शकतं, म्हणून दव सुकेपर्यंत थांबाच. आणि गावातलाच वाटाड्या घ्या. कुठला दगड हलतो, हे त्याला ठाऊक असतं.