कावळ्याला विचारण्याआधी



आपण वारकरी मरणाला भीत नाही, अशी आपली आपल्याविषयी समजूत असते. कीर्तनात महाराज देहाचे नाशिवंतपण सांगू लागले की आपण माना डोलावतो, टाळ वाजवतो. पण तीच गोष्ट घरी पडवीत बसलेल्या म्हाताऱ्याने काढली, 'माझे आता थोडे दिवस राहिले' असे म्हटले, की आपण त्याचे तोंड धरतो. 'अहो, असे अभद्र बोलू नका!' कीर्तनातले मरण आपल्याला ऐकवते, घरातले ऐकवत नाही. आमच्या हातून हीच चूक झाली. ती आज मंडळींपुढे ठेवतो.

आमचे तीर्थरूप, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, दिंडीचे विणेकरी होते. त्यांच्या शेवटच्या आषाढीहून परत आले तेच छातीत कफ घेऊन. एका संध्याकाळी भिंतीला टेकून बसले असता म्हणाले, "मला थोडं सांगायचं आहे. माझ्या मागं..." आम्ही पुढे बोलूच दिले नाही. "आबा, कार्तिकीला जायचंय आपल्याला. भलतं मनात आणू नका." त्यांनी एकदा खुंटीवरच्या वीणेकडे पाहिले आणि कूस बदलली. दोन दिवसांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा आम्ही औषध आणण्याच्या निमित्ताने उठून गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी काढला नाही. पुढच्या एकादशीच्या आत ते गेले.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळे झाडावर बसून होते, पण एकही शिवेना. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे. थोरल्या बंधूंनी हात जोडून सांगितले, "आबा, बांधाचा वाद मिटवतो." आम्ही म्हणालो, "वारी चुकवणार नाही." बहीण म्हणाली, "आईला अंतर देणार नाही." ऊन डोक्यावर आले, कावळा काही हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आलो. जिवंत माणूस तीन हातांवर बसून सांगू पाहत होता, तेव्हा आम्ही ऐकले नाही. तो गेल्यावर मात्र त्याची इच्छा पाखराला विचारत भर उन्हात उभे राहिलो.

ती इच्छा कोणती होती, हे पुढच्या वर्षी कळले. वाखरीच्या मुक्कामी दिंडीतल्या एक वृद्ध माउली आईजवळ येऊन बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "विणेकऱ्यांची लई आठवण येत असंल, नाही गं?" वर्षभरात असे कोणी विचारले नव्हते. आईच्या मनाला लागेल म्हणून आम्ही तर घरात आबांचे नावही काढत नव्हतो. आई पुष्कळ रडली आणि मग बोलू लागली. "त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, माझ्या मागं तुझं कुंकू पुसू द्यायचं नाही, बांगड्या फोडू द्यायच्या नाहीत. पोरांना सांगतो म्हणाले होते. पण पोरांनी बोलूच दिलं नाही. आणि त्या घटकेला मी एकटी भावकीतल्या बायकांना काय सांगणार?" आम्ही दोन हातांवर पंढरीची पिशवी बांधत बसलो होतो. ते ऐकले आणि हातातली दोरी तशीच राहिली. आईच्या बांगड्या फुटल्या तेव्हा आम्ही दारातच उभे होतो.

मंडळी, आपल्या संतांनी असे केलेले नाही. ज्ञानोबारायांनी शके 1218 मध्ये, म्हणजे इ. स. 1296 साली, आळंदीस समाधी घेतली ती सर्वांना सांगून, भावंडांचा आणि संतांचा निरोप घेऊन. नामदेवरायांच्या मुलांनी ती जागा झाडून स्वच्छ केली, असे समाधीच्या अभंगांत वर्णन आहे. म्हणजे पोरेसोरेसुद्धा त्या तयारीत होती, कोणी त्यांना 'तुम्ही बाहेर जा' म्हटले नाही. नामदेवरायांनी तर स्वतःची जागाही सांगून ठेवली, संतांचे पाय लागावेत म्हणून महाद्वाराची पायरी. आजही आपण त्या पायरीवर डोके ठेवूनच आत जातो. मंगळवेढ्याला कूस कोसळून चोखोबा गेले. त्यांना काही सांगायला अवधीच मिळाला नाही. तेव्हा नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारासमोर ठेवल्या, कारण चोखोबांचे मन कोठे होते हे त्यांना ठाऊक होते. मन असे ठाऊक असायला आधी बोलणे झालेले असावे लागते.

शोकाचेही तसेच. 'माळकऱ्याने रडू नये, देवाची इच्छा,' असे सांत्वनाला आलेला मनुष्य सांगतो आणि चहा घेऊन निघून जातो. पण ज्ञानोबाराय समाधीला बसले तेव्हा निवृत्तिनाथांसारखा गुरू शोकाने व्याकूळ झाला, हे नामदेवरायांनी लपवले नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांची पत्नी आणि मुलगा गेले. ते दुःख महाराजांनी अभंगातून बोलून दाखवले. जिथे संतांनी बोलायला लाज मानली नाही, तिथे आपण एखाद्या विधवेला वर्षभर गप्प का बसवावे? त्या माउलींनी आईला एक प्रश्न विचारला, एवढेच. दिंडीत प्रत्येकाने तेवढे तरी करावे. गेलेल्याचे नाव घ्यावे, आणि समोरचा रडू लागला तर उठून जाऊ नये.

आता घरी काय बोलावे? कुंकवापासूनच सुरुवात करू. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. पण गावाच्या ठरावापेक्षा घरधन्याचा शब्द भावकीत अधिक चालतो. तो त्याने धडधाकट असताना, मुलासुनांच्या देखत बोलावा. अग्नी कोणी द्यायचा, लेकीने दिला तर चालेल का, तेराव्याला किती खर्च करायचा, हेही सांगावे, म्हणजे लोकलाजेस्तव कोणाला कर्ज काढावे लागणार नाही. नेत्रदान करायचे असेल तर डोळे सुमारे सहा तासांच्या आत काढावे लागतात आणि त्या वेळी संमती घरच्यांनीच द्यायची असते. घरच्यांना माहीत नसेल तर भरून ठेवलेला कागद पेटीतच राहतो. शेतीवाडीचे मृत्युपत्र साध्या कागदावरही होते, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. बरे होण्याची आशा नसताना यंत्रावर ठेवावे की नाही, हेही आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद साक्षांकित करून घ्यावा. प्रत्येकाचे म्हणणे निराळे असेल. ते काय असावे हे आम्ही सांगत नाही, ते विचारावे एवढेच सांगतो.

वाखरीहून परतल्यावर आम्ही भावंडे आईजवळ बसलो. कसे विचारावे ते सुचेना. तीच हसली. म्हणाली, "बँडबाजा लावू नका, हरिपाठ म्हणत न्या. माळ गळ्यातच राहू द्या. डोळे कोणाच्या उपयोगी पडत असतील तर द्या. आणि माझ्या दहाव्याला कावळ्याची वाट बघत उन्हात उभे राहू नका, मी सगळं आत्ताच सांगितलंय." पाव तासही लागला नाही. मग ती उठून भाकरी थापायला गेली.

आपण घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. माणसाला निरोपाचा शब्द बोलायचा असतो, तो बोलू द्यावा. या एकादशीला हरिपाठ झाल्यावर लगेच उठू नका. घरातल्या वडीलधाऱ्याजवळ बसा आणि म्हणा, "तुम्हाला काही सांगायचं होतं का?" आम्ही ते विचारले नाही, म्हणून आपणांस विनवतो.

रामकृष्ण हरि.